होडीत राहिलेला बाप



मार्कच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायाचे विसावे वचन आपण सगळ्यांनी कितीतरी वेळा ऐकले आहे. गालीलच्या समुद्राकाठून जाताना येशूने जब्दीच्या दोन मुलांना, याकोब आणि योहान यांना, हाक मारली. दोघे होडीत बसून जाळी सांधत होते. हाक ऐकताच ते उठले आणि बापाला मजुरांसोबत होडीत ठेवून येशूच्या मागे गेले. प्रवचनात यानंतर बहुधा त्या दोन मुलांविषयी सांगितले जाते. त्यांची तत्परता, त्यांचा त्याग, त्यांचा विश्वास. ते योग्यच आहे. पण मी बरीच वर्षे धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवते आणि वर्ग सुटला की दाराशी थांबलेल्या आईबाबांशी बोलते. त्यामुळे असेल, हे वचन वाचताना माझे लक्ष मुलांच्या मागोमाग जात नाही, होडीत राहिलेल्या बापापाशी अडते. आज मला तुमच्याशी जब्दीबद्दल बोलायचे आहे. आपण पालक ज्या जागी बसलो आहोत ती जागा त्याची आहे.

जब्दी एक शब्द बोलत नाही. चारही शुभवर्तमाने चाळली तरी त्याच्या तोंडचे एक वाक्य सापडत नाही. तो संतापला असेल असे कुणी म्हणते, त्याने हात उंचावून आशीर्वाद दिला असेल असे कुणी म्हणते. ही दोन्ही वाक्ये आपण आपल्या मनातून त्याच्या तोंडी घालतो. मला ते नको वाटते. जे लिहिले आहे तेच नीट वाचले तरी पुष्कळ हाती लागते.

पहिली गोष्ट त्या कामाची. आपल्या वसईच्या पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला ज्यांनी होड्या लागताना पाहिल्या आहेत त्यांना जाळी सांधणे म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. मासळी उतरली म्हणजे काम संपत नाही. जाळे पसरायचे, बोटे फिरवत फाटलेला डोळा शोधायचा, सुईने पुन्हा गाठ मारायची, गाठी सारख्या अंतरावर बसल्या का ते पाहायचे. हे काम पुस्तकातून येत नाही. बाप गाठ मारतो, मुलगा बघतो, मग मुलगा मारतो आणि बाप बघतो. गालीलच्या त्या सरोवरावर मासेमारी बहुतकरून रात्री होई. लूकने पाचव्या अध्यायात सांगितलेल्या प्रसंगातही शिमोनाने रात्रभर जाळी टाकलेली होती. म्हणजे याकोब आणि योहान जे जाळे सांधत होते ते त्याच दिवशी मावळतीनंतर पुन्हा पाण्यात जायचे होते. त्या रात्री बापाला चार हात कमी पडणार होते.

दुसरी गोष्ट होडीची. १९८६ साली दुष्काळामुळे गालीलच्या सरोवराचे पाणी खूप ओसरले, आणि काठावरच्या जिनोसार वसाहतीतल्या दोन भावांना, जे स्वतः मासेमार होते, गाळात रुतलेल्या एका जुन्या होडीची कड दिसली. जपून बाहेर काढल्यावर ती साधारण पहिल्या शतकातली, म्हणजे येशूच्या काळाच्या आसपासची, ठरली. लांबी आठ मीटरहून थोडी जास्त, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. ती जब्दीची होती असे कुणी म्हणत नाही, म्हणूही नये. पण तिच्याकडे पाहून जब्दीसारख्या माणसाचा संसार कळतो. त्या एका होडीत बारा जातींचे लाकूड आहे. इथे देवदार, तिथे ओक, कुठे दुसऱ्या जुन्या होडीची फळी काढून बसवलेली. मोडले की ठिगळ लावायचे आणि पुन्हा पाण्यात लोटायची, असे वर्षानुवर्षे चाललेले. होडी म्हणजे त्या घराची कमाई, आणि मुलांच्या हाती द्यायचा वारसाही तोच.

आणि तिसरी गोष्ट मजुरांची. हाच प्रसंग मत्तयही सांगतो, पण मजुरांचा उल्लेख एकटा मार्क करतो. मार्कचे शुभवर्तमान चारांत सगळ्यांत छोटे. तो फापटपसारा ठेवत नाही. मग हे मजूर त्याने का ठेवले? काही भाष्यकार म्हणतात, मुलांनी केवढे चालते घर सोडले ते दाखवायला. होडी आहे, पगारी माणसे आहेत, आणि लूक सांगतो त्याप्रमाणे शिमोनाबरोबर भागीदारीही आहे, म्हणजे जब्दी आपल्याकडच्या एखाद्या खाऊनपिऊन सुखी तांडेलासारखा. हा अर्थ बरोबर आहे. पण पालक म्हणून मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो आणि मला तो अधिक जवळचा वाटतो. बाप एकटा राहिला नाही, एवढे सांगितल्याशिवाय मार्कला पुढे जाववले नाही. मुले गेली, पण त्या रात्री होडी पाण्यात लोटायला माणसे होती.

आता तुम्ही म्हणाल, हाक आली आणि क्षणात उठून गेले, याला काय म्हणायचे? घरी जाऊन दोन शब्द बोलायला नकोत? मलाही हा प्रश्न पडे. पण शुभवर्तमाने शेजारी शेजारी ठेवून वाचली की दिसते, हे सगळे एका सकाळचे नव्हते. योहानच्या पहिल्या अध्यायात अंद्रिया आधी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा शिष्य असतो, तिथून तो येशूपाशी जातो आणि आपल्या भावाला, शिमोनाला, घेऊन येतो. अंद्रियाबरोबर त्या दिवशी आणखी एक शिष्य होता. त्याचे नाव दिलेले नाही, पण परंपरेने तो जब्दीचा योहानच मानला जातो. म्हणजे या मुलांच्या मनात काही आधीपासून शिजत होते. ती कुणाचे तरी ऐकायला जात होती, परत येऊन भागीदारांशी बोलत होती. होडीतून उठणे हे त्या सगळ्याचे शेवटचे पाऊल होते.

आपल्या घरातही असेच होते. मुलगी एक दिवस जेवताना सांगते की तिला धर्मभगिनी व्हायचे आहे, किंवा मुलगा म्हणतो की नोकरी सोडून डहाणूकडच्या आदिवासी पाड्यावर शिकवायला जातो, आणि आपण म्हणतो, हे अचानक कुठून आले? ते अचानक नसते. आपल्याला तेव्हा कळते, एवढेच. दोन-तीन वर्षे ते पोर कुणाशी बोलत होते, काय वाचत होते, कुठल्या शिबिरावरून आल्यावर गप्प गप्प होते, हे आठवून पाहा. ज्या घरात जेवताना मोबाइल बाजूला ठेवून बोलणे होते, त्या घरात हे शेवटचे पाऊल बापाला पहिले वाटत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. होडी सोडून गेलेली ही मंडळी मार्कच्या त्याच अध्यायात, नऊ वचने पुढे, कफर्णहूमात शिमोनाच्या घरी जातात. याकोब आणि योहानही बरोबर असतात. शिमोनाची सासू तापाने फणफणलेली असते, येशू तिचा हात धरून तिला उठवतो. म्हणजे शिष्य होऊन पहिल्यांदा ते ज्या घरात गेले ते आपल्याच माणसाचे घर, आणि तिथे पहिले काम काय झाले, तर घरातल्या आजारी बाईला बरे केले. ‘सर्व सोडले’ याचा अर्थ घराकडे पाठ फिरवली असा मार्क करत नाही.

हे मी मुद्दाम सांगते, कारण या वचनाचा वाईट उपयोग होताना मी पाहिला आहे. म्हाताऱ्या आईबापांची विचारपूस न करणारा माणूसही कधी कधी देवकार्याचे नाव पुढे करतो. येशूच्या काही वचनांनी त्याला बळ मिळाल्यासारखे वाटते. ती वचने कठीण आहेत आणि ती मऊ करून सांगावीत असे मला वाटत नाही. बापाला पुरून येतो म्हणणाऱ्याला येशू थांबू देत नाही. घरच्यांचा निरोप घेऊन येतो म्हणणाऱ्याला नांगर धरल्यावर मागे वळून न पाहण्याविषयी सांगतो. जुन्या करारात अलीशाने आईबापांचा निरोप घेण्याची परवानगी मागितली तर एलीयाने ती दिली होती. येशूची मागणी त्याहून कडक आहे. पण हाच येशू मार्कच्या सातव्या अध्यायात परुश्यांवर कशावरून कडाडतो ते पाहा. आपली मिळकत ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेली, असे जाहीर करायचे आणि मग आईबापांना मदत करायची वेळ आली की हात वर करायचे, अशी पळवाट काही जण काढत. येशू म्हणतो की हे देवाची आज्ञा मोडणे आहे. देवाचे नाव घेऊन आईबापांना उपाशी ठेवणे त्याला खपत नाही. आणि क्रुसावर, श्वास कोंडत असताना, तो आपल्या आईची सोय लावतो. तिला आपल्या लाडक्या शिष्याच्या हाती सोपवतो. तो शिष्य योहान, जब्दीचा धाकटा, अशी चर्चची जुनी समजूत आहे. बापाला होडीत ठेवून गेलेल्या मुलाला दुसऱ्याची आई घरी न्यायची जबाबदारी मिळाली. हाक देणाऱ्याने मुलगेपण रद्द केले नाही, वाढवले.

आता जब्दीच्या घरातल्या आईकडे वळते. जब्दी बोलत नाही, पण ती बोलते. मत्तयच्या विसाव्या अध्यायात ती दोन्ही मुलांना घेऊन येशूसमोर येते, गुडघे टेकते आणि मागणे मागते. तुझ्या राज्यात माझा एक मुलगा तुझ्या उजवीकडे आणि एक डावीकडे बसू दे. मार्कमध्ये हेच मागणे मुले स्वतः मागतात. कुठले खरे, असा वाद अभ्यासक घालतात. मला वाटते, मुलांची इच्छा कुठे संपते आणि आईची कुठे सुरू होते हे घराबाहेरच्या माणसाला सांगता येत नाही, आणि बऱ्याचदा घरातल्यालाही नाही. मुलगा धंदा सोडून गेला, ते तिने सोसले. पण गेलाच आहे तर निदान वर तरी बसावा. ही इच्छा पापी नाही, आईची आहे. मुलगा सेमिनरीत गेल्यावर लगेच तो बिशप होईल का याचा हिशोब करणारे नातेवाईक आपण पाहतो. परदेशी गेलेल्या मुलाचे पद, पगार आणि घराचे आकारमान लग्नाच्या मांडवात सांगणारे आपणही असतोच. येशू त्या आईला झिडकारत नाही. तुम्ही काय मागता आहात याची तुम्हाला कल्पना नाही, असे सांगून तो मुलांकडे वळतो आणि त्यांना आपल्या दुःखाच्या प्याल्याविषयी विचारतो. आम्ही पिऊ, असे मुले म्हणतात.

यानंतर सात अध्याय पुढे या. सत्ताविसाव्या अध्यायात मत्तय लिहितो की येशूबरोबर दोन लुटारूंना क्रुसावर चढवले, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. आणि थोड्याच ओळींनंतर तो दुरून हे पाहणाऱ्या, गालीलपासून येशूची सेवा करत आलेल्या बायकांची नावे सांगतो. मग्दालिया मरीया, याकोब आणि योसेफ यांची आई मरीया, आणि जब्दीच्या मुलांची आई. मार्क याच ठिकाणी सलोमे असे नाव देतो, म्हणून तिचे नाव सलोमे असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. मागणे मागणारी ती आई तिथे उभी होती. उजवीकडची आणि डावीकडची जागा कुणाला मिळाली, ते तिने डोळ्यांनी पाहिले. आपल्या मुलांसाठी आपण काय मागितले होते, ते तिला त्या दुपारी समजले. मत्तयने यावर एक शब्दही लिहिलेला नाही. त्याने फक्त तिला तिथे उभे केले आहे.

आणि ती पळून गेली नाही. शिष्य पळाले होते. बाकीच्यांप्रमाणे तिचे मुलगेही येशूच्या अटकेच्या रात्री बागेतून पळाले होते. आई थांबली. पालकांना सांगण्यासारखी याहून मोठी गोष्ट माझ्याकडे नाही. मुलाच्या मोठेपणासाठी निघालेली बाई, मोठेपणाचे काही उरले नाही तेव्हाही थांबून राहिली.

हे वाचले की जब्दीच्या घराबद्दल एक अंदाज बांधता येतो. जिची मुले घर तोडून गेली आणि जिच्या नवऱ्याने त्यांचे नाव टाकले, अशी बाई गालीलपासून यरुशलेमपर्यंत मुलांच्या गुरूची सेवा करत चालत गेली असती का? मला तसे वाटत नाही. लूक तर सांगतो की कित्येक बायका आपल्या पैशाने येशूच्या मंडळीचा खर्च चालवत. सलोमेही त्यांत असेल, तर तो पैसा कुठून आला? जब्दीच्या मासळीतून आला असेल. हा माझा तर्क आहे, वचनात तसे लिहिलेले नाही. पण तो मला पटतो. होडीत राहणे हीसुद्धा त्या हाकेला दिलेली साथ असू शकते.

याकोबाने तो प्याला खरोखर घेतला. इ.स. ४४ च्या सुमारास राजा हेरोद अग्रिप्पाने त्याला तलवारीने मारले. बारा प्रेषितांत श्रद्धेसाठी मरणारा तो पहिला. प्रेषितांच्या कृत्यांत ही बातमी एका वाक्यात येते. आईबापांविषयी एक अक्षर नाही. मागे राहिलेल्यांची कहाणी धर्मग्रंथ सहसा लिहीत नाहीत, ती घरातल्यांनीच लिहावी लागते. मराठीत ती लिहिली गेली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा मागे राहिल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, लहान मूल घेऊन. ताटातुटीची ती वर्षे, नातेवाइकांचा आक्रोश, स्वतःची घालमेल त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवली. पुढे स्वतःच्या विचाराने त्याही ख्रिस्ती झाल्या. पण आपले दुःख त्यांनी पुसून टाकले नाही. ज्यांना वाटते की श्रद्धा असली म्हणजे रडू येऊ नये, त्यांनी ते पुस्तक वाचावे. मदर तेरेसांच्या आईचेही तसेच. १९२८ साली १८ वर्षांची मुलगी स्कोप्ये सोडून निघाली, आई झाग्रेबपर्यंत पोहोचवायला आली, आणि त्यानंतर त्या मायलेकींची या जगात भेट झाली नाही. आई १९७२ साली अल्बानियात वारली. तिथल्या सरकारने तिला देशाबाहेर पडू दिले नव्हते.

एवढे सगळे मनात ठेवून, आईबाबांनो, काही बोलते.

मुलाला अडवू नका, आणि ढकलूही नका. अडवणाऱ्यांबद्दल आपण बोलतो, ढकलणाऱ्यांबद्दल बोलत नाही. आजीने नवस केला म्हणून, किंवा आपल्या घराण्यातून एक फादर हवा म्हणून मुलाला सेमिनरीत पाठवणे हे पाचारण नाही. त्या सकाळी हाक जब्दीने मारली नव्हती. एकुलता एक मुलगा आहे, वंश कसा चालेल, हा आक्रोशही मी समजू शकते. पूर्वी घरात पाच-सहा मुले असत, आता एक किंवा दोन. देवाकडे रडून सांगा. पण मुलाच्या डोक्यावर आपल्या म्हातारपणाचे ओझे ठेवून त्याचे उत्तर बदलायला लावू नका.

वेळ द्या. चर्चचा कायदाच घाई करत नाही. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास, आणि वयाची २५ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा नाही. एवढा काळ कशासाठी ठेवला आहे? हाक खरी की भास, हे तपासण्यासाठी. म्हणूनच जो मुलगा मधूनच परत येतो तो नापास झालेला नसतो. त्याने प्रामाणिकपणे तपासले आणि त्याला उत्तर मिळाले. अशा मुलाकडे पाहून कुजबुजणारे शेजारी मी पाहिले आहेत आणि आठवडेच्या आठवडे मिस्साला न येणारे त्याचे आईबापही पाहिले आहेत. हे थांबले पाहिजे. त्याला घरी घ्या, जेवू घाला, नोकरी शोधायला मदत करा, आणि चारचौघांत त्याचे नाव अभिमानाने घ्या.

हाक फक्त पाद्री आणि सिस्टर होण्याची असते असेही धरून चालू नका. मुलीला नर्स व्हायचे असेल, मुलाला शेती करायची असेल, कुणाला लग्न करून चार मुले नीट वाढवायची असतील, तीही हाकच आहे. घरात मुलांना एकदा तरी विचारा की तुला काय करावेसे वाटते आणि का. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

आणि शेवटचे मागणे मुलांच्या आईबापांकडे नाही, बाकी सगळ्यांकडे आहे. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात असे वृद्ध आईबाप आहेत ज्यांचा मुलगा नागालँडमध्ये किंवा आफ्रिकेत मिशनवर आहे, ज्यांची मुलगी कॉन्व्हेंटमध्ये आहे. सणाला आपण त्यांचे कौतुक करतो, पण गुडघेदुखी, बँकेचे फॉर्म आणि रात्रीचा एकटेपणा त्यांच्याकडे वर्षभर असतो. मार्कने जब्दीसाठी मजूर लिहून ठेवले, आपण त्यांच्यासाठी कुणाचे नाव लिहिणार? येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर त्यांतल्या एका घरी जा. औषधे संपली आहेत का ते विचारा, दवाखान्यात न्यायचे असेल तर आपली गाडी द्या, आणि जमले तर धर्मग्राम मंडळात ठराव करून ही जबाबदारी नावानिशी वाटून घ्या.